वरच्या रांगेतलं अंडं

१

वाळू हाताला गार लागली तशी ओमारू जागीच थबकली.

ओमारू आमच्या उलोव बेटाची मुख्य. रोज सकाळी ती उबवणीच्या वाळूवर तळहात टेकवत फिरते. वरची रांग उघड्या उन्हात आहे, तिथली वाळू पहाटेसुद्धा कोमट राहते. पण टोकाला, तिव्हालाच्या अंड्यावरची वाळू गार आणि ओलसर होती, म्हणजे खालची वाळू वर आली होती. ओमारूने कोपरापर्यंत हात घातला. बोटांना काहीच लागलं नाही.

मग तिने शंख फुंकला आणि सगळं गाव धावत सुटलं. म्हणजे आमच्या मानाने धावत. पाठीवर एवढं कवच घेऊन कोण किती धावणार? खलाशी आम्हाला कासवमाणसं म्हणतात आणि हसतात. हसोत बापडे.

मी पोचले तेव्हा तिव्हाला खड्ड्याशी गुडघे टेकून बसली होती. ती रडत नव्हती. तळाची वाळू मुठीत घेत होती आणि सोडत होती. हे तिचं पहिलंच अंडं. शेजारी तिची आई नेरुंगा उभी होती, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिने लेकीच्या कवचावर हात ठेवला होता.

"डोबारा," ओमारू मला म्हणाली, "शोध. ऊन उतरेपर्यंत अंडं मिळालं तर ठीक."

"नाही तर?"

"नाही तर आत जीव राहील का? तूच सांग."

तिचं खरं होतं. उबेबाहेर काढलेलं अंडं दिवसभर कसंबसं तग धरतं. ऊन उतरलं की आतलं पोर विझतं.

"आणि तोवर हा," तिने पहारेकरी हुरोककडे बोट केलं, "इथून हलणार नाही. अंडं मेलं तर याला उताणा टाकायचा."

गर्दीतून हुंकार आला. अंड्याला जो मुकवतो त्याला पाण्याच्या रेषेवर पाठीवर टाकायचं, हा आमचा कायदा. कवचवाल्याला उताणं पडल्यावर आपलं आपण उठता येत नाही. मग भरती येते. त्याला उठवायचा हक्क एकटीलाच, अंड्याच्या आईला. आजवर कुठल्या आईने तो वापरल्याचं मी ऐकलेलं नाही.

हुरोकने माझ्याकडे पाहिलं. रात्रीचा पहारा त्याचा होता.

"मावशी, मी नाही हो," तो म्हणाला.

२

गावात काही हरवलं की मला बोलावतात. मी फार हुशार आहे म्हणून नाही. मी चौकस आहे आणि विचारू नये ते विचारते, म्हणून.

"झोपला होतास ना?" मी हुरोकला विचारलं.

"डोळा लागला. पहाटेच्या गारठ्यात कुणाचा लागत नाही?"

हेही खरं. गार पडलं की आमचं रक्तच पेंगतं.

"जागा कधी झालास?"

"उजाडायच्या जरा आधी. मग उठून खालच्या रांगेशी जाऊन बसलो. तिथं खडकाला टेकता येतं. शंख वाजेपर्यंत तिथंच होतो."

"काही ऐकलंस?"

"वर वाळू सरकल्यासारखी वाटली. म्हटलं खेकडा असेल." त्याने मान कवचात ओढून घेतली. "माझी आई काय म्हणेल, मावशी?"

"आधी मान बाहेर काढ. आत ओढलीस तर लोकांना वाटेल चोर तूच."

मी खड्ड्याशी वाकले. तिव्हालाचं अंडं मुठीएवढं, पण भुसभुशीत वाळूचा घेर चांगला पाटीएवढा होता. म्हणजे नेणाऱ्याने भोवतालच्या वाळूसकट अंडं उचललं होतं. अंडं कलंडलं तर आतलं पोर मरतं, म्हणूनच आम्ही त्याच्या माथ्यावर काजळाचा ठिपका देतो. चोराला हे ठाऊक होतं. त्याला अंडं जिवंत हवं होतं.

खड्ड्याभोवतीची वाळू गावाने तुडवून टाकली होती. फक्त एका कडेला थोडी उरली होती आणि तिच्यावर पंख्यासारखे ओरखडे होते. कुणीतरी वाळू सारखी करून ठेवली होती. ते ओरखडे मी कुठंतरी पाहिलेत असं सारखं वाटत होतं, पण आठवेना. त्याने माझी चिडचिड झाली.

"डोबारामावशी!" किनाऱ्यावरून हाका आल्या. "मऊपाठ्याला धरलाय! चला लवकर!"

३

बिनकवचाच्या माणसांना आम्ही मऊपाठे म्हणतो. रिमोन हा त्यांतला एक, दर मोसमात मीठ न्यायला येतो. त्याला त्याच्याच जहाजाच्या डोलकाठीला बांधला होता आणि चारपाच बायका जहाजावरची भटारखान्याची चूल उपसत होत्या.

"बाई, यांना सांगा ना," तो मला म्हणाला. "मी मीठ घ्यायला आलोय. पोरं पळवायला नाही."

"काल दारू चढल्यावर कोण म्हणालं होतं, आमच्या बंदरात अंडं कांद्यावर परततात?"

"कोंबडीचं म्हणालो होतो!"

"कोंबडी म्हणजे?" मागून एकीने विचारलं.

"पक्षी असतो एक. जाऊ दे," रिमोनने डोळे मिटले.

चुलीत राखेशिवाय काही निघालं नाही. तळाचं मीठही लोकांनी उकरलं होतं. मी त्याचे हात सोडले.

"रात्री बाहेर होतास?"

"उजाडताना वर डेकवर होतो. तुमच्यातलं कुणीतरी चाललं होतं. छातीशी पाटी धरून, दोन्ही हातांनी. भरलेली घागर नेतात ना, तसं."

मी पुढं सरकले. "कोण होतं?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही सगळे सारखेच दिसता."

"तुम्हीही. सोललेल्या कोळंबीसारखे. बाई की बुवा?"

"बाई, ते तुमचं तुम्हालाच कळतं." तो मनगटं चोळत होता. "पण एक नवल वाटलं. ते वरून गेलं, टेकाडाच्या कोरड्या वाळूतून. घोट्यापर्यंत पाय रुतत होते. गावाकडे जायला पाण्याच्या कडेनं सरळ, घट्ट रस्ता होता की."

मीही चमकले. पाण्याच्या कडेने गेलं असतं तर पावलं लाटेने पुसली असती. चोराला त्याहून सोयीचं काय? आणि आम्ही कवचाची माणसं, पाय भिजवल्याशिवाय शेजारच्या घरीसुद्धा जात नाही.

मी टेकाडावर गेले. पण अंडं शोधत गाव मघाशी तिथूनही फिरून गेलं होतं. पावलांचा नुसता चिखल झाला होता.

ऊन डोक्यावर आलं होतं.

४

दुपारपर्यंत गावाने एकही उबदार जागा सोडली नाही. समुद्रगवताचे वाफाळणारे ढीग उलथले, मिठाच्या भट्टीची राख चाळली, म्हाताऱ्यांच्या शेकायच्या कट्ट्यावरचे दगडही उचलून पाहिले. अंडं कुठंच नव्हतं. कालपर्यंत एका थाळीत जेवणारे लोक एकमेकांच्या चुलीकडे संशयाने बघायला लागले होते.

नेरुंगाने मला वाटेत गाठलं. "चल, दोन घास खा. रिकाम्या पोटी तुझं डोकं चालत नाही."

तिच्या दारात बसले. तिने उकडलेलं समुद्रगवत आणि मीठ पुढं ठेवलं.

"लोणचं?" मी विचारलं.

"संपलं."

"तुझं जेलीफिशचं लोणचं संपलं? एकवेळ बेटावरचं मीठ संपेल."

एरवी ती हसली असती. आज तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाईट वाटलं. नातवंडाची ही दशा आणि मी लोणचं मागतेय.

नेरुंगाला दोन मुली. आमच्याकडे मुली वयात आल्या की मोठ्या प्रवाहात उतरतात, सातासमुद्रांपार जातात आणि अंडी घालायला परत येतात. सगळ्याच येतात असं नाही. मुलगे मात्र जन्मभर बेटावर राहतात, मीठ गाळतात आणि घोरतात. रुविसा आणि तिव्हाला, दोघी बहिणी हातात हात घालून गेल्या. परत एकटी तिव्हाला आली. तेव्हापासून नेरुंगाने समुद्रात पाऊल टाकलेलं नाही. आम्हा सगळ्यांच्या कवचावर हिरवं शेवाळ असतं, तिचं एकटीचं कवच धुळकट आहे. लहानपणी पाण्यात ती माझ्या कितीतरी पुढं असायची.

"ओमारूला सांगायला काय जातं?" ती एकदम म्हणाली. "यंदा मुली हव्यात म्हणे. घाला वरच्या रांगेत! माझ्या पोरीचं पहिलंच अंडं, तेही वर."

वरची ऊन वाळू मुली देते, खालची सावलीतली वाळू मुलगे. पोर काय होणार ते याच दिवसांत ठरतं.

"आणि उबवणीवर एवढा पहारा कशाला लावलाय?" ती पुढं म्हणाली. "गर्दीनं बाकीची अंडी दुखावतील. कधी उठवणार? ओमारू तुझं ऐकते, तू सांग ना तिला."

"सांगते."

"आत्ता सांग. ऊन उतरायच्या आत."

मी उठले. घराच्या मागून जाताना भिंतीशी ओल दिसली, आंबूस वास आला आणि माश्यांचं मोहोळ उठलं. मी नाक मुरडून पुढं गेले. तेवढ्यात किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला. लोकांना धीर निघत नव्हता. ते हुरोकला पाण्याकडे ओढत होते.

५

"ऊन अजून उतरलेलं नाही!" मी ओरडले.

"उतरायलाच आलंय," ओमारू म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता, पण मागं शंभर तोंडं ओरडत होती. "तुला काय सापडलं ते सांग, डोबारा."

मी काय सांगणार? मी उबवणीवर उघड्या खड्ड्यापाशी उभी होते. खाली चौघांनी हुरोकला धरून उलटा केला. त्याचे पाय हवेत हलायला लागले. तो आईला हाका मारत होता. मला ते बघवेना. मी मान फिरवली आणि तशीच उभी राहिले, विचार करत, किती वेळ कोण जाणे.

भानावर आले ती पायाला वाळू लागली म्हणून. माझा उजवा पाय आपसूक मागं वाळू लोटत होता. मग डावा. मग पुन्हा उजवा. उघडा खड्डा दिसला होता आणि माझ्या पायांनी मला न विचारता तो बुजवायला घेतला होता.

मी मागं वळून पाहिलं. वाळूवर पंख्यासारखे ओरखडे उठले होते. हुबेहूब तेच.

पहाऱ्यावरच्या एका पोराला मी म्हटलं, "अरे, हा खड्डा बुजव बघू."

तो वाकला आणि दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागला. पुरुष हातानेच ओढणार. ओमारूनेही हातानेच ओढली असती, तिने जन्मात अंडं घातलेलं नाही. जिने या वाळूत अंडं घातलंय तिचाच पाय असा चालतो, आणि तिला ते कळतसुद्धा नाही. हुरोक नाही, रिमोन तर नाहीच. चोर एक आई होती.

मग बाकीचं धडाधड जुळत गेलं, आणि जुळू नये असं मला वाटत होतं. आई अंडं का चोरेल? पोर जिवंत हवं, पण वरच्या रांगेत नको. म्हणजे मुलगी नको. हे दोघींनाच वाटू शकत होतं, जिचं अंडं होतं तिला किंवा तिच्या आईला. तिव्हाला दिवसातून दहादा पाण्यात जाते. कोरड्या वाळूतून पाय रुतवत जाईल अशी बाई या बेटावर एकच आहे.

आणि अंडं आम्हाला सापडणार कसं? आम्ही गारठ्याला भिणारी माणसं, सगळ्या उबदार जागा उकरत बसलो. अंडं गार जागी ठेवायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. गार जागा म्हणजे लोणच्याची खोली. तिथला एक रांजण रिकामा करायचा, आतलं लोणचं भिंतीमागं ओतून द्यायचं. मघाशी मी त्याच माश्यांमधून नाक मुरडत गेले होते.

समुद्र हुरोकच्या टाळूला लागला होता. मी धावत सुटले. या वेळी खरंच धावले.

६

नेरुंगा लोणच्याच्या खोलीच्या दाराला कवच टेकून बसली होती.

"सरक," मी म्हटलं.

"डोबारा, नको."

"गार पडतंय ते आत."

"मला कळत नाही का!" ती किंचाळली. मग आवाज फुटला. "मला फक्त वरून खाली न्यायचं होतं गं. खालच्या रांगेत पुरणार होते, कुणाला कळलंही नसतं. तो मेला हुरोक उठून नेमका तिथंच जाऊन बसला. घरी आणलं, म्हटलं पुढच्या पहाटे ठेवू. मग शंख वाजला, मग तुम्ही वेढाच घातलात. सकाळपासून दहा वेळा हात लावून पाहिला. दर वेळी आणखी गार."

"आणि हुरोक?"

"मी सांगायला येतच होते."

"कधी?"

ती दारातून सरकली.

रांजण गळ्यापर्यंत वाळूने भरला होता. मी वरची वाळू बाजूला केली. काजळाचा ठिपका बरोबर वर होता, केसभरही कललेला नव्हता. मी अंड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. दगड बरा, इतकं ते गार होतं.

रांजण आम्ही दोघींनी मिळून उचलला आणि किनाऱ्यावर आणला. गाव बाजूला झालं. नेरुंगाचा चेहरा पाहूनच सगळ्यांना कळलं. तिव्हाला पुढं आली. तिने ठिपका वर ठेवून अंडं अलगद उचललं आणि उतरत्या उन्हासमोर धरलं.

अंड्याचं कवच उजळलं. आत एक काळसर गोळा होता, त्याच्याभोवती बारीक शिरा. सगळं स्तब्ध होतं.

"तिव्हाला," नेरुंगा म्हणाली, "अगं, मी..."

"बोलू नकोस," तिव्हाला म्हणाली. तिने नजर हलवली नाही.

आम्ही श्वास धरून उभे होतो, आणि श्वास धरायचा तर आम्ही खूप वेळ धरू शकतो. ऊन शिरांमधून जात होतं. मग त्यातली एक शीर हलली. थांबली. पुन्हा हलली, लाल.

"आहे," तिव्हाला म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.

ती वर गेली. कुठल्या रांगेत जाते ते सगळं गाव बघत होतं. तिने वरच्या रांगेत, त्याच्या मूळच्या जागी अंडं ठेवलं आणि पायांनी ऊन वाळू लोटली. उजवा, डावा, उजवा.

तोवर नेरुंगा पाण्यापाशी पोचली होती. तिने हुरोकच्या कवचाखाली खांदा घातला आणि त्याला सरळ केलं. तो चोर नव्हताच, त्यामुळे कायदा मोडला असं कुणी म्हटलं नाही. तो खोकत, पाणी ओकत उभा राहिला. मग ती त्याच जागी बसली, मागं रेलली आणि स्वतःला उताणं टाकलं. आपण होऊन उताणं झालेलं कवचाचं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. लाट तिच्या मानेखालून गेली आणि ती शहारली. इतक्या वर्षांत समुद्र तिला पहिल्यांदा लागत होता.

"ओमारू, सोड तिला," मी म्हटलं. "अंडं जिवंत आहे."

"पोर मरतंच होतं, डोबारा. आणि उठवायचं माझ्या हातात आहे का?" ओमारू म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

तिव्हाला खाली आली आणि आईच्या डोक्याशी उभी राहिली. पाणी तिच्या घोट्याशी होतं.

"ताई बुडाली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आई," ती म्हणाली. "मला समुद्र काय आहे ते सांगू नकोस."

नेरुंगाने डोळे मिटून घेतले.

"आता मुलगा होईल की मुलगी, कुणालाच ठाऊक नाही. पण मुलगी झाली तर तिला पोहायला तू शिकवायचंस. पाण्यात उतरून. ताईपेक्षा चांगलं, माझ्यापेक्षा चांगलं."

"मला नाही जमणार गं."

"मग पड इथंच."

पुढची लाट मोठी आली. ती नेरुंगाच्या तोंडावरून गेली. पाणी उतरलं तेव्हा ती खोकत होती आणि तिचा एक हात वर, लेकीच्या दिशेने होता.

"उठव मला," ती म्हणाली.

तिव्हालाने खांदा घातला. तिला एकटीला झेपत नव्हतं, पण कायद्याने आम्हाला हात लावता येत नव्हता. आम्ही सगळे नुसते उभे होतो. सगळ्यात मोठ्याने "उचला, उचला" असं हुरोकच ओरडत होता.

अंडं फुटलं ते बाकीच्यांच्या मागून, उशिरा. मुलगी झाली. अंगाने जरा लहान आहे, पण घसा मोठा. नेरुंगा रोज सकाळी तिला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी असते. पहिले काही दिवस नातीपेक्षा आजीच जास्त ओरडायची. परवा तिच्या कवचावर मला शेवाळाचा हिरवा ठिपका दिसला. खरवडून देऊ का म्हणून विचारलं, तर राहू दे म्हणाली.